न विचारता दिलेलं नाव

शैलाताई,

तू मला न विचारता माझं नाव दिलंस. भांडण इथूनच सुरू करते, कारण दुसरीकडून कुठून सुरू केलं तर मी रडायला लागेन, आणि आज मला रडायचं नाहीये.

इथे ऑकलंडमध्ये नोकरीच्या अर्जाच्या शेवटी दोन माणसांची नावं द्यावी लागतात, आपल्याबद्दल कुणी विचारलं तर खरं सांगतील अशी. त्यांना रेफरी म्हणतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी बजावते, की ज्याचं नाव देणार त्याला आधी विचारा. नाहीतर ऐन वेळी फोन येतो, तो माणूस बावचळतो आणि तुमची नोकरी जाते. तुलाही बजावलं होतं, चार वर्षांत निदान दहा वेळा. तू मान हलवलीस, चहा प्यायलीस आणि शेवटी तुला करायचं तेच केलंस.

गेल्या मंगळवारी फोन आला. तुला जाऊन नऊ दिवस झाले होते. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होते आणि एक बाई छान मोकळ्या आवाजात माओरी नमस्कार करत म्हणाली, "किया ओरा, इज दॅट मीनल? शैलाच्या अर्जाबद्दल फोन करतेय. तिने रेफरी म्हणून तुमचं नाव दिलंय. दहा मिनिटं आहेत का?" तिला काहीच माहीत नव्हतं. मी हातातला घास परत डब्यात ठेवला आणि म्हटलं, आहेत.

पुढे काय बोलले ते शेवटी सांगते. आधी तू ऐकून घ्यायचंस. आपल्या दोघींत मीच बोलते आणि तू नुसती हसतेस असं तुझं म्हणणं होतं ना, मग आज तसंच होऊ दे.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ही बाई ऐकणाऱ्यातली नाही. मी एका इंजिनियरिंग कंपनीत माणसं नेमायच्या विभागात आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईहून नवीन आलेला जो तो कुणाच्या तरी ओळखीने रविवारी माउंट रॉस्किलला माझ्या भाड्याच्या घरी येतो आणि सीव्ही पुढे करतो. तू मनुरेवाहून बस बदलत आलीस. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा आणि काखेत तपकिरी फाइल. फाइलमधली सगळी सर्टिफिकेटं लॅमिनेट केलेली. वर बायोडाटा. त्यात वडिलांचं पूर्ण नाव, नवऱ्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, रक्तगट, कोपऱ्यात स्टेपल केलेला फोटो. आणि सगळ्यात शेवटी, 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे', खाली स्थळ, दिनांक, सही.

"ताई, रक्तगट कशाला? ते नोकरी देणार आहेत, रक्त नाही," मी म्हटलं.

तू खळखळून हसलीस. फोटो काढू दिलास, रक्तगट काढू दिलास, वडील आणि नवरा दोघांनाही एका झटक्यात जाऊ दिलंस. शेवटच्या ओळीवर मात्र अडलीस.

"ही का काढतेस? मग त्यांना कळणार कसं, की हे खरं आहे?"

"इथे तसं धरूनच चालतात."

"असं कसं धरून चालतात? कुणाची तरी सही नको?"

मी ती ओळ लाल पेनाने आडवी खोडली. तू बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली होतीस.

त्यानंतर मी तुला कापतच गेले. ठाण्याच्या खाडीचं पाणी आणि गाळ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तू एकोणीस वर्षं काढली होतीस. खाडीच्या गाळातल्या जड धातूंवर तुझी डॉक्टरेट होती. भावोजींना इथे आयटीत नोकरी लागली म्हणून तू ते सगळं सोडून, दहा वर्षांच्या इराला घेऊन इकडे आलीस आणि ओटाहुहूच्या बाजूला एका लॉन्ड्रीत हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालायला लागलीस. माझ्याकडे आलीस तेव्हा त्या घड्यांना तीन वर्षं झाली होती. तुला पर्यावरणाच्या नोकऱ्यांना अर्ज करायचे होते. ओढे, खाड्या, सांडपाणी, जिथे पाणी आहे तिथे. मी म्हटलं, डॉक्टरेट दिसली की हे लोक बिचकतात, ओव्हरक्वालिफाइड म्हणतात आणि कागद बाजूला ठेवतात. म्हणून डॉक्टरेट काढली. मग एकोणीस वर्षांच्या सहा ओळी केल्या, सहाच्या चार केल्या. शास्त्रज्ञाची लॅब टेक्निशियन केली. प्रत्येक वेळी तू म्हणालीस, "बरं, तू म्हणशील तसं." कशाला म्हणालीस? एकदा तरी माझ्या हातातून पेन हिसकावून घ्यायचं होतंस. तुझ्याएवढी शिकलेली बाई माझ्यासारखीच्या लाल पेनापुढे मान तुकवून बसते, ह्याचा मला आता इतका संताप येतो की ते टेबलच उचलून बाहेर फेकावंसं वाटतं.

एकाच बाबतीत तू हटून बसायचीस. पहिल्या परिच्छेदात सगळे लिहितात, की मला पर्यावरणाची प्रचंड पॅशन आहे. जाहिरातीतच तसं मागितलेलं असतं.

"हे मी लिहिणार नाही," तू म्हणालीस. "लाज वाटते."

"ताई, सगळे लिहितात."

"लिहू देत. पाण्यात शिसं किती आहे ते पॅशनने कळत नाही, मीनू. मोजावं लागतं."

ते वाक्य मी तुझ्या सीव्हीत घालायला हवं होतं. त्याऐवजी मी तुझ्यामागे गुपचूप 'पॅशनेट' टाइप केलं आणि फाइल पाठवून दिली.

मग उत्तरं यायला लागली. आमच्याकडे बरेच अर्ज आले, या वेळी आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. शब्द इतके सारखे, की तू म्हणालीस, ह्यांची पण कुणीतरी मीनल असणार टेबलाशी बसलेली. एकदाच मुलाखतीला बोलावलं, एका कंपनीच्या सस्टेनेबिलिटी कोऑर्डिनेटरच्या जागेसाठी. ऑफिसात कागदी कप किती जातात ते बघायचं आणि त्यावर छान पोस्टर करायचं, एवढंच काम. तेही मिळालं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, लोकल एक्स्पिरियन्स नाही.

लोकल एक्स्पिरियन्स. ह्या दोन शब्दांचा मला आता शिसारी यावी इतका तिटकारा आहे. इथल्या भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळे तुला प्रेमाने हाक मारणार, हेल्प लागली तर सांग म्हणणार, आणि काम मागितलं की हे दोन शब्द पुढे करणार. तू निरागसपणे विचारलंस, "मीनू, इथलं शिसं वेगळं असतं का गं?" मी म्हटलं, शिसं तेच असतं ताई, फॉर्म वेगळा असतो. मला वाटलं मी फार हुशार बोलले. खरं सांगू? माझ्या ऑफिसात मीही लोकांच्या अर्जांवर हेच दोन शब्द लिहिलेत. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतेय.

आणि ह्या सगळ्या काळात, दर सीव्हीच्या वेळी, मी तुला विचारत होते. इथे फुकट का होईना, काही काम केलंस का? शाळेत, देवळात, कुठल्या मंडळात? तू म्हणायचीस, "छे गं, तसं सांगण्यासारखं काही नाही." शनिवारी सकाळी तुझा फोन कधीच लागायचा नाही. विचारलं की म्हणायचीस, जरा काम असतं. मला वाटायचं लॉन्ड्रीत ओव्हरटाइम करतेस आणि सांगायला संकोचतेस. म्हणून मीही खोदून विचारलं नाही.

आता त्या रविवारावर येते. तू जायच्या सात आठवडे आधीचा. फिजोआची फळं निघायचे दिवस होते, शेजारणीने आणून दिलेल्या पिशवीभर फिजोआंचा वास स्वयंपाकघरात कोंदला होता. तू जाहिरात छापून आणली होतीस, पट्टी ठेवून खाली रेघा मारलेली. दक्षिण ऑकलंडमधल्या ओढ्यांची देखरेख, तिथल्या लोकांना बरोबर घेऊन पाण्याचं मोजमाप. इतक्या वर्षांत तुझ्या डोळ्यांत अशी चमक मी पाहिली नव्हती.

"मीनू, ह्यात डॉक्टरेट परत घालू. आणि खाडीचं सगळं घालू."

"दोन पानांत नाही बसणार."

"मग तीन करू."

"तीन पानं इथे कुणी वाचत नाही, ताई. आणि हे बघ ना, लोकांबरोबर काम केल्याचा अनुभव मागतायत, तोही इथला. तो कुठून आणू मी?"

तू काहीतरी बोलणार होतीस. ओठ हलले होते तुझे, आता आठवतं. पण मला पुढच्या माणसाला वेळ दिलेली होती. मी तुझ्यासमोर दुसरा कागद सरकवला, भंगार गोळा करणाऱ्या एका कंपनीत फोन घ्यायची जागा होती. म्हटलं, ह्याला चान्स आहे.

तू तो कागद वाचलास, नीट घडी घातलीस आणि म्हणालीस, "मीनू, तू दर वेळी मला थोडी थोडी कमी करतेस गं."

आवाज चढवून म्हणाली असतीस तर मी हसण्यावारी नेलं असतं. तू अगदी शांतपणे म्हणालीस आणि ते मला झोंबलं. माझे रविवार, माझी धडपड, माझे उपकारच म्हण ना, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी म्हटलं, "कमी करते? मग नको येत जाऊस! बस त्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालत जन्मभर!"

तू उठलीस. टेबलावरचे दोन्ही कप उचललेस, तुझा आणि माझा. सिंकशी जाऊन दोन्ही नीट घासलेस, विसळलेस, फडक्यावर पालथे घातलेस. हात पुसलेस. "येते गं," म्हणालीस आणि गेलीस.

सात आठवडे मी फोन केला नाही. मी लहान, मीच करायला हवा होता. पण दर रविवारी वाटायचं, येईल आपली आपण, जाणार कुठे. आणि मग एका रविवारी फोन वाजला, नाव तुझं होतं, आणि बोलत होते भावोजी.

तुझ्या अंत्यविधीला सगळे आले होते. मनुरेवाच्या त्या हॉलमध्ये पांढरे कपडे घालून सगळं मराठी मंडळ बसलेलं. एकेक जण उठून बोलत होता. साधी होती. मितभाषी होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात. डिंकाचे लाडू तर तीन जणांच्या भाषणात आले. मला ओरडावंसं वाटत होतं, की अरे, ही बाई खाडीच्या गाळातून पारा शोधून काढायची आणि तुम्ही लाडू काय सांगताय! पण माझी पाळी आली तेव्हा मीही उभी राहिले आणि म्हणाले, शैलाताई फार साधी होती. मला क्षमा करू नकोस ह्याबद्दल.

बाहेर आले तर दाराशी चपला-बुटांच्या शेजारी गमबुटांची रांग. सात जोड, चिखलाने माखलेले. त्यांचे मालक मागच्या ओळीत नुसत्या मोज्यांवर बसले होते आणि मला ते दिसलेही नव्हते. त्यांतली एक मोठ्या बांध्याची, पिकल्या केसांचा अंबाडा घातलेली माओरी बाई माझ्याजवळ आली. नाव हुइया. म्हणाली, "आम्ही थेट ओढ्यावरूनच आलो. सॉरी अबाउट द मड. डॉकला चाललं असतं."

मला वाटलं ही चुकून दुसऱ्या कुणाच्या कार्याला आलीय. "डॉक कोण?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की ते मी विसरणार नाही. मग तिने सांगितलं. डॉक म्हणजे डॉक्टर, म्हणजे तू. सहा वर्षं, दर शनिवारी, मनुरेवाच्या मागच्या ओढ्यावर. पाऊस असो, कडाक्याची थंडी असो. पाणी किती नितळ आहे ते मोजायचं, दगड उलटून खालचे किडे मोजायचे, वहीत लिहायचं. शाळेतल्या मुलांना, निवृत्त लोकांना, सगळ्यांना तूच शिकवलंस. हीप्स ऑफ पीपल, ती म्हणाली. ह्या ओढ्यात परत ईल मासे दिसायला लागले ते आधी डॉकच्या वहीत दिसले, मग आम्हाला.

इरा शेजारी उभी होती. तिला सगळं माहीत होतं! लहान असताना तीही यायची म्हणे तुझ्याबरोबर. मी तिला जवळजवळ दरडावलंच, की आईने मला हे एकदाही का सांगितलं नाही? चार वर्षं मी हेच तर शोधत होते!

ती डोळे पुसत म्हणाली, "शी सेड इट्स सेवा, मीनलमावशी. यू डोन्ट पुट सेवा ऑन अ सीव्ही. एव्हरीवन नोज दॅट."

सेवा! ताई, मला त्या क्षणी तुला गदागदा हलवावंसं वाटलं. देवळात झाडू मारला ते कुणी बायोडाटात लिहीत नाही, कबूल. गणपतीच्या दिवसांत शंभर माणसांचा स्वयंपाक केला तर त्याची यादी करत नाही, कबूल. आपल्या आयांनी आपल्याला हेच शिकवलं, की केलेलं बोलून दाखवायचं नसतं. पण तो ओढा म्हणजे काय देऊळ होता? तू शांतपणे 'हो' म्हणाली असतीस, आणि त्यावर मला काही बोलता आलं नसतं, म्हणून जास्तच राग येतोय. जो अनुभव नाही म्हणून तुला नाकारलं तो अनुभव तू सहा वर्षं चिखलात उभी राहून गोळा करत होतीस, आणि आपल्या दोघींपैकी एकीने बोलायचं नाही ठरवलं होतं आणि दुसरीने ऐकायचं नाही.

फोन आला त्या संध्याकाळी मी इराकडून तुझा शेवटचा, त्या ओढ्यांच्या जागेसाठीचा अर्ज मागवला. आपलं भांडण झालं त्यानंतर तीन दिवसांची तारीख आहे त्यावर. चार पानं! पहिल्याच ओळीत डॉक्टरेट. खाली ओढा, सगळे शनिवार, काय मोजलं, कसं मोजलं, किती लोकांना शिकवलं. मग खाडी, पूर्ण दीड पान. मग लॉन्ड्री, तीही लपवलेली नाही, उलट कुठलं रसायन धुवून कुठे जातं ह्याबद्दल तिथल्या सुपरवायझरला काय काय सुचवलंस ते लिहिलेलं. 'पॅशन' हा शब्द कुठेही नाही. आणि चौथ्या पानाच्या तळाशी, वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. स्थळ, मनुरेवा. दिनांक. सही.

मी खोडलेली ओळ. तू ती जपून ठेवली होतीस तर.

त्याच्याच वर रेफरींची नावं. पहिलं हुइयाचं. दुसरं माझं. नातं काय, ह्या रकान्यात लिहिलंयस, 'माझे आजवरचे सगळे सीव्ही हिने लिहिले. त्यांत काय राहून गेलं ते हिला ठाऊक आहे.' हे तू कौतुकाने लिहिलंस की चापट मारलीस? मी दहा दिशांनी वाचून पाहिलं, मला ठरवता येत नाही. आणि ठाऊक कुठे होतं मला, ताई? तू सांगितलं होतंस का?

काल शनिवारी मी ओढ्यावर गेले. इराने तुझे गमबूट दिले, मला एक नंबर मोठे होतात. हुइयाला विचारलं, की जी बाई चार वर्षं बोलली नाही ती तीन दिवसांत चार पानं कशी लिहून बसली? हुइया म्हणाली, माझ्या ट्रकच्या बॉनेटवर बसवून लिहून घेतली. तीही आधी हेच म्हणत होती, की हे सांगायचं नसतं. मग मी म्हटलं, डॉक, उद्या इथलं पाणी कुणी नासवलं तर म्हणतील इकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तुझं लक्ष होतं हे लिहून ठेव. स्वतःसाठी लाज वाटत असेल तर ओढ्यासाठी लिही. त्यावर तू एवढंच म्हणालीस म्हणे, की मग पेन दे.

म्हणजे इतकं सोपं होतं. कुणीतरी नीट कारण द्यायला हवं होतं. मी तुला नियम देत बसले.

मग त्यांनी माझ्या हातात ती लांब पारदर्शक नळी दिली. ओढ्याचं पाणी भरायचं, एका टोकाला डोळा लावायचा आणि आतली काळी चकती सरकवत न्यायची. जिथे ती दिसेनाशी होते तो आकडा. इराने एक आकडा सांगितला, मी दुसरा, चांगला नऊ-दहा सेंटिमीटरचा फरक. मी पेन उचलून माझा लिहायला निघाले, सवयच आहे मला. इरा म्हणाली, "नो, नो. मम्ज रूल. दोघांचे जुळले नाहीत तर कुणाचाच लिहायचा नाही. वी फिल इट अगेन." नळी रिकामी केली, परत भरली. दुसऱ्यांदा आमचे आकडे जवळजवळ सारखे आले आणि मगच तिने वहीत लिहिलं.

आपलं मात्र परत भरायचं राहिलं, ताई. सात आठवडे होते आपल्याकडे.

असो. त्या फोनवर मी काय बोलले ते सांगायचं कबूल केलंय.

तिने 'दहा मिनिटं आहेत का' विचारलं तेव्हाच मला सांगता आलं असतं, की बाई, ती गेली. मी सांगितलं नाही. मला वाटलं, एकदा कुणीतरी तुझ्याबद्दल विचारतंय, तर विचारू दे. तिने विचारलं, किती वर्षं ओळखता, आणि मी सांगितलं. कामात कशी आहे? मी तुला 'आहे' म्हणूनच सांगत गेले. काहीही खोटं बोलले नाही, फक्त काळ चुकीचा वापरला. म्हटलं, ती दोनदा मोजल्याशिवाय बोलत नाही. स्वतःबद्दल तर मोजूनही बोलत नाही, तेवढा तिचा दोष लिहून घ्या. खाडीचं सांगितलं, शनिवारांचं सांगितलं, जे मला स्वतःला तीन दिवसांपूर्वी कळलं होतं. ती टाइप करत होती, मला की-बोर्ड ऐकू येत होता. दहाची पंचवीस मिनिटं झाली.

शेवटी ती म्हणाली, एक नेहमीचा प्रश्न विचारायचाच असतो. "कुणाशी मतभेद झाला, कुणी तिला लागेल असं बोललं, तर शैला कशी वागते?"

मी म्हटलं, "दोन्ही कप घासून ठेवते. आणि घरी जाऊन त्याच माणसाचं नाव रेफरी म्हणून लिहिते."

ती हसली. म्हणाली, "ऑसम. आम्हाला अशीच बाई हवी होती. आजच तिला फोन करणार होते, ऑफर द्यायला."

मग मला तिला सांगावं लागलं.

ती म्हणाली, आय ॲम सो सॉरी, आणि मग म्हणाली, मुलाखतीनंतर पॅनेलमध्ये कुणाचंच दुमत नव्हतं.

शैलाताई, नोकरी तुला मिळाली. तुझ्या चार पानांवर, माझी एकही ओळ नसलेल्या. ते तुला फोन करणार होते, त्यांचा राहिला. माझाही राहिला होता. तुला कळवायचं राहून जाऊ नये म्हणून हे लिहिलं.

तुझी,
मीनू